स्टेरॉइड घेणाऱ्याच्या फाइलमध्ये इको का नसतो?

जिममध्ये ‘सायकल’ लावणारा, म्हणजे ठरावीक काळ स्नायू वाढवणारी स्टेरॉइड घेणारा पोरगा बेफिकीरच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण तब्येतीवर बारीक नजर ठेवून असतात. काही आठवडे ऑन, मग ऑफ, गोळ्या यकृताला जड जातात म्हणून इंजेक्शन, सुई दरवेळी नवी, मधूनमधून रक्ततपासणी. यातलं काहीच वाया जात नाही. तरीही एक मोठी फट राहते, आणि तिची मला खरंच काळजी वाटते.

यकृताचंच बघा. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम, वाढलेलं दिसलं की पोरं घाबरतात आणि कुणी सुचवलेलं लिव्हर टॉनिक सुरू करतात. पण एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचं एन्झाइम एसजीओटी स्नायूंमध्येही असतात. दोन दिवसांपूर्वी जड स्क्वॉट मारले असतील, तर स्टेरॉइडचा थेंबही न घेता हे आकडे चढतात. म्हणून रक्त देण्याआधी आठवडाभर जड व्यायाम थांबवावा आणि सोबत जीजीटी ही यकृताच्या आणखी एका एन्झाइमची चाचणी करून घ्यावी. ती स्नायूंच्या झिजेने सहसा वाढत नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचंही तसंच, पिळदार माणसात ते एरवीही थोडं जास्तच निघतं.

ही स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन किंवा त्याचेच भाऊबंद. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढतात, रक्त दाट होतं. उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन देणारे डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांवर गेलं की औषध थांबवतात. सायकलवरचे काही जण रक्तदान करून तो आकडा उतरवतात. आकडा उतरतो खरा, पण वाढलेला रक्तदाब आणि घसरलेलं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, जागेवरच राहतं.

आणि हृदय? ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. अमेरिकेत 2017 साली वजन उचलणाऱ्या 140 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 86 जणांनी स्टेरॉइड घेतलेली होती. डावा कप्पा एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मोजतात. न घेणाऱ्यांत तो आकडा सरासरी 63 होता, घेणाऱ्यांत 52. ज्यांचं घेणं तेव्हाही चालू होतं त्यांच्यात 49, सोडलेल्यांत 58. डेन्मार्कमध्ये जिममधल्या डोपिंग चाचणीत सापडलेल्या 545 पुरुषांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या तिप्पट निघाला.

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. स्वतःहून सायकल करणाऱ्या 100 पुरुषांवर त्यांनी सुरुवातीपासून लक्ष ठेवलं. औषध दिलं नाही, नुसतं तपासत राहिले. त्यातल्या 31 जणांच्या इकोत सायकलदरम्यान तो आकडा जवळपास 5 ने घसरला आणि हृदयाचं वजन सुमारे 28 ग्रॅमने वाढलं. औषध सोडून काही महिने गेल्यावर बहुतेक पूर्ववत झालं. म्हणजे ऑफ राहणं शरीराला खरोखर लागतं. ‘ब्लास्ट अँड क्रूझ’ करणारे कमी डोसवर का होईना वर्षभर चालूच राहतात. त्यांच्या हृदयाला ही उसंत मिळतच नाही.

पण ऑफचे महिने फार कठीण जातात. बाहेरून हॉर्मोन येत असल्यामुळे मेंदूने वृषणांना संदेश पाठवणं बंद केलेलं असतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर अंगात जोर नाही, इच्छा नाही, मन उदास. ‘पीसीटी’च्या, म्हणजे सायकलनंतर स्वतःचं हॉर्मोन परत सुरू व्हावं म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी हा काळ नक्की आटोपतो, असा भक्कम पुरावा नाही. हार्लेममध्ये वर्षानंतरही साधारण दहातल्या एकाचं टेस्टोस्टेरॉन कमीच होतं. याच दिवसांत पोरगा पुन्हा सुई उचलतो. तेव्हा त्याला असा डॉक्टर हवा, ज्याच्यापुढे काय घेतलं आणि कधीपासून, हे न लपवता सांगता येईल, आणि जो ओरडण्याआधी बीपीचा पट्टा बांधून इको लिहून देईल.