ड्युअल नेटिव्ह आयएसओ म्हणजे दोन एक्स्पोजर नव्हेत

पॅनासॉनिक व्हॅरिकॅम ३५ या सिनेमा कॅमेऱ्यावर आयएसओचे, म्हणजे प्रकाशाच्या संवेदनशीलतेचे, ८०० आणि ५००० हे दोन आकडे दिसले, की ‘कॅमेरा दोन्ही एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाची चित्रं) जोडतो’ असं सर्रास सांगितलं जातं. साफ चूक. तिथे एका वेळी एकच बेस, म्हणजे मूळ आयएसओ, चालतो. ५००० वर अंधारातला नॉईज (दाणेदारपणा) आटोक्यात राहतो, पण खिडकीबाहेरचं जास्त उजेडाने पांढरंफटक पडलेलं आकाश काही परत येत नाही.

खरी जोडणी अ‍ॅरी अलेक्सा या सिनेमा कॅमेऱ्यात. प्रत्येक फोटोसाइटचा (सेन्सरवरच्या प्रकाश टिपणाऱ्या बिंदूचा) तोच सिग्नल कमी आणि जास्त अशा दोन्ही गेनने (सिग्नल वाढवण्याच्या प्रमाणाने) वाचून एकत्र करतात, म्हणून हलता हात दुभंगत नाही. कॅनन कॅमेऱ्यांसाठीच्या मॅजिक लँटर्न या सॉफ्टवेअरमधल्या एचडीआर (उजेड आणि अंधार दोन्हींतले तपशील राखणाऱ्या) व्हिडिओत मात्र एक फ्रेम कमी आयएसओची, पुढची जास्तीची. सेकंदाला ५० फ्रेम घेतल्या तर जोडून २५ उरतात, आणि शटर तोच ठेवूनही चालत्या माणसाच्या कडेला भुतासारखी दुसरी कड उमटते.