रिव्हॉल्वर की पिस्तूल? फॉर्म भरण्याआधी एवढं वाचा

जवळ बाळगण्यासाठी किंवा रेंजवरच्या (नेमबाजीच्या मैदानावरच्या) सरावासाठी हँडगन, म्हणजे हातात धरून चालवायचं छोटं शस्त्र, घेऊ पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

काउंटरवर येणारे बरेच जण पहिल्याच वाक्यात सांगतात, "असं काहीतरी द्या, जे अंगावर लपेल आणि रेंजवरही चालेल." ही मागणी कुठून येते ते आम्हाला ठाऊक आहे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत त्यांतली एक जागा आजोबांच्या बारा बोरच्या दुनाळीने आधीच अडवलेली असते. ती विकवत नाही, वापरात नसते, पण मोजणीत धरली जाते. उरलेल्या एका जागेत दोन्ही कामं बसवायची असतात.

ती नीट बसत नाहीत. का, ते या पत्रकात लिहिलंय. बाकीच्या ग्राहकांसाठी हिंदी पत्रक आहेच. हे जनकगंज, कंपू आणि बाड्याच्या आसपासच्या आपल्या मराठी मंडळींसाठी, जी मंडळी आधी सगळं वाचतात आणि मग तेच प्रश्न पुन्हा विचारतात.

रकाना घाईत भरू नका

रिव्हॉल्वरमध्ये काडतुसं फिरत्या चक्रीत बसतात, पिस्तुलात मुठीतल्या मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या डबीत. परवान्यावर शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो, तो अर्जातल्या रकान्यावरून. कुणाच्या परवान्यावर रिव्हॉल्वर आणि पिस्तूल दोन्ही लिहून येतं, कुणाच्या परवान्यावर एकच. एकच आलं असेल, तर आम्ही तेच देऊ शकतो. 'रिव्हॉल्वर' लिहिलेल्या परवान्यावर पिस्तूल विकणं हा गुन्हा आहे. ओळख कितीही जुनी असली तरी त्यात फरक पडत नाही.

आमचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. अर्ज भरताना शेजाऱ्याने किंवा मेव्हण्याने जे लिहिलं होतं तेच लिहायचं, पोलीस चौकशी होऊन परवाना येईपर्यंत वाट बघायची, मग दुकानात येऊन दुसरंच शस्त्र पसंत करायचं. त्यानंतर दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा तीच फाइल, पुन्हा त्याच खिडकीपुढे उभं राहणं. यात दुकानदार काहीही करू शकत नाही, तरी आठवड्यातून दोनदा फोन आम्हालाच येतो. 2019 मध्ये इथल्या कलेक्टरांनी परवाना मागणाऱ्याला दहा झाडं लावायची अट घातली होती. तेव्हाही लोकांनी झाडं मन लावून लावली आणि रकाना मात्र घाईतच भरला.

म्हणून विनंती एवढीच: फॉर्म भरण्याआधी दुकानात या. त्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही आणि खरेदी आमच्याकडेच करा अशी अटही नाही. दोन्ही प्रकार रिकामे करून हातात देतो, मूठ कशी बसते ते बघा, मग काय लिहायचं ते ठरवा.

फोनवर चित्र दाखवून 9 मि.मी.चं परदेशी पिस्तूल मागणाऱ्यांसाठी: 9 मि.मी. पॅराबेलम हे काडतूस निषिद्ध बोरमध्ये, म्हणजे साध्या नागरिकाला बंदी असलेल्या मापात, मोडतं. साध्या परवान्यावर ते मिळत नाही, आमच्याकडे नाही आणि दुसरीकडेही नाही. सर्वसाधारण नागरिकासाठी हँडगनची आयातही कित्येक वर्षं बंद आहे. जुन्या विलायती वस्तू परवानाधारकांमध्ये हात बदलतात त्या याच कारणाने लाखांच्या भावात. त्या भावात नावाची किंमत बरीच असते आणि नळीची स्थिती कुणी बघत नाही. घ्यायची असेल तर आधी आमच्या कारागिराला दाखवा.

"बत्तीस बोर" एवढं सांगून भागत नाही

आपल्याकडे परवान्यावर मिळणारी बहुतेक हँडगन .32 ची, म्हणजे साधारण 0.32 इंच मापाच्या नळीची. पण रिव्हॉल्वरचं .32 आणि पिस्तुलाचं .32 ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं, म्हणजे .32 एस अँड डब्ल्यू लाँग, लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. त्या कडेवरच ते चक्रीत टेकतं. पिस्तुलाचं, म्हणजे .32 एसीपी किंवा 7.65 मि.मी., आखूड असतं, कारण त्याला मॅगझीनमधून वर सरकायचं असतं. एकाचं दुसऱ्यात घालून बघू नका, "बसतंय की" असं वाटलं तरीही नाही.

म्हणून काडतुसं मागताना शस्त्राचं नाव सांगा. पुतण्याला चिठ्ठी देऊन पाठवू नका. मूळ परवाना आणि परवानाधारक दोघंही समोर असल्याशिवाय आम्ही काडतूस देत नाही. प्रत्येक खरेदीची परवान्यावर आणि आमच्या वहीत नोंद होते. एका वेळी किती आणि वर्षाला किती, तेही परवान्यावरच लिहिलेलं असतं. यावर रागावणारे ग्राहक आहेत. पण तपासणीला वही आमची उघडते.

जवळ बाळगायचं असेल तर

आधी एक गैरसमज. शस्त्र लपवून न्यायचं की दिसेल असं, हा आपल्याकडे आवडीचा प्रश्नच नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. शर्टाबाहेर मूठ दाखवत बाड्यावर फिरण्याची हौस नियमात बसत नाही. लग्नाच्या वरातीत बार काढणं तर नाहीच: त्याला 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता निवड. सराफ्यातून रात्री रोकड घेऊन घरी निघणारा माणूस शस्त्र वर्षात किती वेळा चालवतो? खरं उत्तर बहुधा 'दसऱ्याला पूजतो' हेच असतं. अशा माणसाला आम्ही रिव्हॉल्वरच सुचवतो. काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, चक्री फिरते आणि पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकलेलं काडतूस काढावं लागतं. घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताला ते सरावाशिवाय जमत नाही. बोटांत जोर कमी असेल, संधिवात असेल, तर स्लाइड ओढणंच जड जातं. दुकानात ओढून बघा, तिथेच कळेल.

पिस्तुलाच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे चपटेपणा. चक्रीचा फुगवटा नसल्याने ते सदऱ्याखाली चांगलं लपतं. जो नियमाने सराव करणार आहे, त्याने खुशाल ईशापूरच्या कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल घ्यावं. जो करणार नाही, त्याने चपटेपणावर भाळू नये.

रिव्हॉल्वरमध्ये कानपूरचा माल आम्ही ठेवतो. 2014 मध्ये आलेलं 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे 500 ग्रॅम. 2023 चं 'प्रबल' सुमारे 700 ग्रॅम. त्याची चक्री बाजूला उघडते, बाकीच्यांसारखं शस्त्र मधून वाकवून उघडावं लागत नाही. ग्राहक हातात घेताच हलकं ते पसंत करतात. दिवसभर कमरेला वागवायला हलकं बरं हे खरंच, पण गोळी सुटताना हलकं शस्त्र हाताला जास्त झटका देतं आणि दुसरा नेम उशिरा लागतो. दोनशे ग्रॅमचा हा फरक काउंटरवर सुखाचा वाटतो, रेंजवर नाही. नवशिक्याला आम्ही जड घ्यायला सांगतो. त्यात आमचा फायदा कमी की जास्त, हे बिल बघून ठरवा. बिलात जीएसटी दिसेल, पिस्तूल-रिव्हॉल्वरवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे.

होल्स्टर कडक घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं. खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर शस्त्र टाकू नका. पर्समध्ये ठेवणाऱ्या भगिनींनी त्याला स्वतंत्र कप्पा ठेवावा, त्यात दुसरं काहीही नको.

रेंजसाठी हवं असेल तर

इथे हिशेबच मांडतो. छोट्या रिव्हॉल्वरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर 100 मि.मी. धरा. नेम धरताना पुढची साइट एक मि.मी. सरकली, तर 25 मीटरवर गोळी 250 मि.मी. सरकते. म्हणजे मधोमध धरलेला नेम थेट टार्गेटच्या कडेला, कारण स्पर्धेतलं टार्गेट मध्यापासून कडेपर्यंत तेवढंच असतं. खेळाच्या .22 पिस्तुलात हे अंतर 220 मि.मी.पर्यंत असू शकतं. तीच एक मि.मी.ची चूक तिथे सुमारे 11.4 सेंटिमीटरांवर येते. दहा गुणांचं वर्तुळ 50 मि.मी. व्यासाचं, तेव्हा तेही सोपं नाही, पण निदान सुधारायला वाव आहे. सात मीटरवर रिव्हॉल्वरची हीच चूक सात सेंटिमीटरांची. बचावासाठी बनवलेली वस्तू त्याच अंतरासाठी असते.

म्हणून "नळी वाकडी आहे, बदलून द्या" म्हणत रेंजवरून थेट दुकानात येण्याआधी हे आठवा. दोष .32 च्या काडतुसाचाही नाही. 25 मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेत हेच लांब .32 चालतं, पण लांब साइटच्या, हाताच्या मापाची मूठ असलेल्या आणि हलक्या ट्रिगरच्या पिस्तुलातून. खिशातल्या रिव्हॉल्वरचा ट्रिगर हॅमर (मागचा घोडा) न चढवता ओढायचा तर कित्येक किलोंचा जोर लागतो. चुकून गोळी सुटू नये म्हणून तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. तो हलका करून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो आणि म्हणत राहू.

खेळ शिकायचा असेल तर सुरुवात 10 मीटर एअर पिस्तुलाने करा. .177 चं, 20 ज्यूलपर्यंतच्या ताकदीचं एअर पिस्तूल परवान्याशिवाय मिळतं. म्हणजे दोन शस्त्रांच्या मर्यादेत त्याची जागा जात नाही, आणि सुरुवातीचा प्रश्न तिथेच सुटतो. छऱ्यांचा खर्च काडतुसांच्या मानाने किरकोळ आहे. घरात दहा मीटर मोकळी जागा आणि मागे भक्कम आडोसा असेल तर रोज सराव होतो. पॅरिसमध्ये 2024 साली मनू भाकरने पहिलं पदक याच प्रकारात घेतलं. मग हात बसला की .22. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण 25 मीटर पिस्तुलात, म्हणजे .22 वरच मिळवलं. .22 ला झटका नाहीसा, काडतूस स्वस्त. एक जपा: रिकामं .22 उगाच चालवून बघू नका, पुष्कळ मॉडेलांत काडतुसावर आपटणारी पिन नळीच्या कडेवर आदळून कड दबते. डमी काडतुसं आमच्याकडे मिळतात.

राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजांना जास्त शस्त्रांची सवलत आहे, रविवारी रेंजवर जाणाऱ्याला नाही. त्यामुळे दुनाळी घरात असेल आणि एकच जागा उरली असेल, तर आमचा सल्ला असा: परवान्याची जागा बचावाच्या शस्त्राला द्या आणि सराव एअर पिस्तुलावर करा. वर्षातून काही वेळा रेंजवर आपलं रिव्हॉल्वर सात-दहा मीटरवरून चालवा, म्हणजे हाताला त्याची ओळख राहील.

जपणूक, आणि येताना

शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात दोन महिन्यांत गंज चढतो. उन्हाळ्यात उलट काम: आपल्याकडची धूळ जास्तीच्या तेलात बसून चिकटा होतो, तेव्हा तेलाचा हात पुसून अगदी पातळ ठेवा. खरेदीनंतर पहिल्या वर्षाची सफाई आमच्याकडून, मजुरी नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस आली, तर ते ठाण्याप्रमाणेच आमच्याकडेही जमा करता येतं, पावतीसह. शेवटच्या दिवशी सगळा गाव लोटतो. दोन दिवस आधी या.

दुकानात येताना शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या पिशवीत, मूळ परवाना आणि आधार कार्ड बरोबर. शस्त्र काउंटरवर ठेवताना नळी भिंतीकडे असू द्या आणि ते उघडून आमच्या माणसाला दाखवा. "रिकामंच आहे हो" म्हणालात तरी तो पुन्हा उघडून बघेल. राग मानू नका, तो मालकाचंही तसंच बघतो.