एम्युलेटर बेकायदेशीर असतो का?

मुक्तस्रोत हँडहेल्ड कन्सोल (हातात धरून खेळायचे गेमयंत्र) घेऊ पाहणाऱ्याला पहिली भीती घातली जाते ती ही, की जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, मुळातच बेकायदेशीर असतो. या समजाला आधार नाही. कनेक्टिक्स कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलच्या बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, अभ्यास करून स्वतःचा एम्युलेटर लिहिला तेव्हा सोनीने तिच्यावर खटला भरला; मात्र अशा अभ्यासासाठी केलेल्या बायोसच्या प्रती परवानगीशिवायही चालणाऱ्या ‘न्याय्य वापरा’त मोडतात, असा निकाल अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००० साली दिला.

कॉपीराइटचा प्रश्न उद्भवतो तो गेमच्या रॉम फाइलपाशी, म्हणजे मूळ गेमवरून उतरवलेल्या प्रतीपाशी. गेम जुना आहे किंवा बाजारात मिळत नाही, एवढ्याने त्यावरचा हक्क संपत नाही. त्यामुळे हजारो गेम भरलेले मेमरी कार्ड ‘भेट’ म्हणून देणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेलेच बरे.

नवख्याने निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे गेम चालवणाऱ्या एमजीबीए या एम्युलेटरपासून सुरुवात करावी. त्यात बायोसची स्वतंत्रपणे लिहिलेली पर्यायी आवृत्ती असल्याने निन्टेन्डोची मूळ फाइल सहसा लागत नाही, आणि हौशी प्रोग्रामरांनी स्वतःहून मोफत दिलेले होमब्रू गेम त्यावर निर्धास्तपणे खेळता येतात. आर्डुबॉय या छोट्या मुक्तस्रोत कन्सोलवर तर एम्युलेटरचाही प्रश्न येत नाही: १२८ बाय ६४ ठिपक्यांचा एकरंगी पडदा आणि जेमतेम अडीच किलोबाइट रॅम यांत बसणारे गेम खास त्याच्यासाठीच लिहिले जातात.