शिलेदार आणि बारगीर : घोडा कोणाचा?

निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून पक्षोपक्षांचे ‘निष्ठावंत शिलेदार’ भेटतात, आणि शिलेदार म्हणजे नेत्याच्या शब्दाखातर उभा राहणारा माणूस, हाच अर्थ वाचणाऱ्याच्या मनात येतो. बारगीर हा शब्द मात्र आता बहुतेकांना आडनाव म्हणूनच ठाऊक असतो. वास्तविक मराठ्यांच्या घोडदळात सरकारशी पक्का बांधलेला स्वार होता तो बारगीर. शिलेदार त्याच्या मानाने सुटा होता. हा उलटलेला अर्थ मला खटकतो, कारण त्यामुळे त्या काळी माणूस फौजेत कसा येई आणि कशाच्या जोरावर टिके, हेच नजरेआड होते.

फरक एका प्रश्नात सापडतो : घोडा कोणाचा? ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, आणि ते ज्याच्याजवळ आहे तो सिलाहदार, म्हणजेच आपला शिलेदार. तो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई आणि घोड्यासकट स्वतःचा मुशाहिरा, म्हणजे पगार, ठरवून घेई. बारगीर हा फारसी शब्द मुळात ओझे वाहणाऱ्या घोड्यासाठी होता. मराठीत तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला लागला. घोडा सरकारी पागेतला, त्याचा दाणावैरणीचा खर्चही सरकारचा, आणि बारगिराला मिळे तो त्याच्या अंगमेहनतीचा पगार. आज काही देशांत कायद्याने ठरावीक मुदतीची लष्करी सेवा सक्तीची असते, तशी ही चाकरी नव्हती. दोघेही ती पत्करून येत. शिवाजी महाराजांच्या वेळी अनोळखी माणसाला घेताना आधीपासून चाकरीत असलेल्याने त्याला जामीन राहावे लागे.

राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने पागेची, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या घोडदळाची, रचना नोंदवून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत, म्हणजे घोडदळाचा सेनापती, अशी ती उतरंड होती. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी आणि नालांसाठी एक नालबंद नेमलेला असे. शिलेदारांनाही सरनोबताच्याच हुकमात ठेवले होते. महाराजांचा भर पागेवर होता यात मला मोठे शहाणपण दिसते, कारण ज्याचा घोडा त्याची मर्जी, हे त्यांना चांगले ठाऊक असणार.

घोडा सरकारचा असला की त्याची काळजीही सरकारलाच वाहावी लागते. चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणी करून राहिलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण मनास येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी दाणे, लाकडे, भाजी ओढायला जाल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरणीला आग लागेल, इथपर्यंत त्यांची नजर गेली आहे. शिलेदाराच्या घोड्यासाठी ही चिंता ज्याची त्यानेच करायची.

शिलेदाराचा घोडा हेच त्याचे भांडवल होते. तो लढाईत पडला की पोटाचे साधन गेले, आणि मग दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसण्याची पाळी येई. म्हणून ऐन धुमश्चक्रीत घोडा वाचवण्याकडे त्याचा ओढा राहिला तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे ठरेल. सधन शिलेदार एकाहून अधिक घोडी बाळगी आणि जास्तीच्या घोड्यांवर स्वतःचे बारगीर बसवी, त्यामुळे बारगीर म्हटला की तो सरकारचाच असेल असेही नाही. पुढे पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण पुष्कळ वाढले.

दोन्ही शब्द महाराष्ट्राबाहेरही गेले. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी सगळ्याच मराठी स्वारांना ‘बर्गी’ म्हटले. घोडा कोणाचा, हे लुटल्या जाणाऱ्या गावाने कशाला विचारावे? इंग्रजांनी मात्र शिलेदारी पद्धत उचलली. त्यांच्या ‘सिल्लेदार’ पलटणींत भरती होणारा जवान ‘असामी’ची रक्कम भरून घोडा आणि साजसामान मिळवी, आणि नोकरी सोडताना ती रक्कम त्याला परत मिळे. पहिल्या महायुद्धात या पलटणी समुद्रापार गेल्या, मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे पुरवणे त्या पद्धतीला झेपेना, आणि युद्धानंतर ती बंद करून सर्व स्वारांना सरकारी घोडे देण्यात आले.