आयईईई ८०२.१६
घरापर्यंत तार न ओढता शहरभर किंवा तालुकाभर वेगवान इंटरनेट पोहोचवण्यासाठी तयार झालेली तांत्रिक मानकांची मालिका. ग्राहकांना ती ‘वायमॅक्स’ या नावाने माहीत असली, तरी दोन्ही अगदी एक नव्हेत. मानक लिहिते आयईईई ही अभियंत्यांची संस्था. त्यातले नेमके कोणते पर्याय उपकरणात हवेत हे ठरवून प्रमाणपत्र देण्यासाठी उद्योगांनी २००१ मध्ये वायमॅक्स फोरम स्थापन केला. पर्याय इतके होते की, मानक पाळूनही दोन कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळतीलच याची खात्री नव्हती.

२००१ मध्ये मंजूर झालेले पहिले मानक १० ते ६६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी होते. या लहरींना वाटेत इमारत किंवा झाड चालत नाही. टॉवर आणि गच्चीवरचा अँटेना समोरासमोरच हवा. २००३ च्या ‘८०२.१६ए’ने २ ते ११ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घेऊन ही अडचण बरीच सैल केली. २००४ ची आवृत्ती स्थिर जोडणीसाठी, तर २००५ ची ‘८०२.१६ई’ फिरत्या ग्राहकांसाठी. मात्र दोन्हींची लहर-रचना वेगळी ठरली आणि स्थिर जोडणीची उपकरणे फिरत्या सेवेच्या टॉवरवर निरुपयोगी झाली. इतक्या नव्या तंत्राला हे महागच पडले.

या मानकाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे हवेतल्या वेळेची वाटणी. जुन्या वाय-फायमध्ये प्रत्येक उपकरण वाहिनी मोकळी आहे का ते ऐकते आणि पाठवायला लागते. गर्दी वाढली की टकराव होतात. इथे सगळा कारभार टॉवरच्या हातात असतो. फिरत्या वायमॅक्समध्ये ५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीला टॉवर एक ‘नकाशा’ प्रसारित करतो: कोणी केव्हा ऐकायचे, कोणी केव्हा आणि कोणत्या उपवाहकांवर (पट्ट्याच्या बारीक तुकड्यांवर) बोलायचे. माहिती पाठवायची तर आधी मागणी नोंदवावी लागते. फोनवरच्या संभाषणासाठी न मागताही ठरावीक जागा राखता येते, डाउनलोडला उरलेसुरले मिळते. सिग्नल चांगला असलेल्या ग्राहकाला ६४-क्यूएएम या दाट पद्धतीने एका चिन्हात (लहरीच्या एका ठोक्यात) ६ बिट धाडले जातात, कडेला असलेल्याला क्यूपीएसके या साध्या पद्धतीने जेमतेम २. त्यामुळे जाहिरातींतले ‘७० मेगाबिट’ आणि ‘५० किलोमीटर’ हे आकडे एकाच ग्राहकाच्या वाट्याला एकाच वेळी येणे शक्यच नव्हते.

दक्षिण कोरियात ‘वायब्रो’ या नावाने २००६ मध्ये सेवा सुरू झाली. भारतात बीएसएनएलने वायमॅक्स आणले. २०१० मध्ये २.३ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा लिलाव झाला. त्यात कोणते तंत्रज्ञान वापरायचे याची सक्ती नव्हती, आणि तीच मोकळीक वायमॅक्सच्या मुळावर आली. इन्फोटेलने सर्व २२ परिमंडळांत (दूरसंचार सेवेसाठी पाडलेल्या देशाच्या विभागांत) हा पट्टा मिळवला व लगेच ती कंपनी रिलायन्सने घेतली. महाराष्ट्र-गोवा परिमंडळात दुसरी विजेती एअरटेल होती. एअरटेलने २०१२ मध्ये आधी कोलकाता आणि मग बंगळूर, पुणे येथे सेवा सुरू केली ती एलटीईवर, म्हणजे वायमॅक्सच्या प्रतिस्पर्धी ४जी मोबाइल तंत्रावर. २०१६ मध्ये जिओही एलटीईवरच आले. जीएसएम हे आधीचे मोबाइल तंत्र चालवणाऱ्या कंपन्यांना एलटीई हीच सरळ पुढची पायरी होती. वेग वाढवणारी ‘८०२.१६एम’ ही आवृत्ती २०११ मध्ये निघाली, पण तोवर बाजार हातचा गेला होता.

विमानतळांवर मात्र हे मानक टिकले आहे. धावपट्टीच्या परिसरातील विमाने, वाहने आणि नियंत्रण कक्ष यांना जोडणारी ‘एरोमॅक्स’ प्रणाली त्यावरच बेतलेली असून ती ५,०९१ ते ५,१५० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालते.