पाय वाचवायचा तो चालण्यासाठी

नडगीवरून बोट फिरवून पाहा. कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये स्नायूचा थर नाहीच. अपघातात पाय चिरडला की हे हाड म्हणूनच सहज उघडे पडते. उघडे हाड सुकते, त्यात जंतू शिरतात आणि ते जुळायचे थांबते. रॉड किंवा प्लेट कितीही उत्तम बसवली, तरी वर जिवंत आवरण नसेल तर पाय हातचा जातो. अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसायला हवे, ते यासाठी.

मुख्य रक्तवाहिनी तुटली असेल तर आधी ती जोडावी लागते, कारण रक्ताविना स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतो. मग मेलेला भाग कापून टाकायचा. इथे हात आखडता घेणे महागात पडते. मागे राहिलेला मृत स्नायू म्हणजे जंतूंना आयते खाद्य.

यानंतर येतो फ्लॅप. पाठीचा किंवा मांडीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून नडगीवर आणतात आणि त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने पायातल्या वाहिन्यांना जोडतात. ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांचा अनुभव मांडला. पहिल्या ७२ तासांत आवरण मिळालेल्यांत फ्लॅप निकामी होण्याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. हा निबंध १९८६ मध्ये आला आणि त्याच वर्षी गोदिना अपघातात गेले. लवकर झाकण्याचा आग्रह आज सर्वत्र धरला जातो, त्यामागे त्यांचे हे काम आहे.

हाडाचा तुकडाच गेला असेल तर सायबेरियातले सर्जन इलिझारोव्ह यांची, पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेली धातूची कडी उपयोगी पडतात. निरोगी भागात हाड कापून तो तुकडा रोज सुमारे १ मिमी सरकवतात आणि मागे नवे हाड तयार होत जाते. महिनोन्‌महिने चालणारे, वेदनादायक काम आहे हे.

मग सरळ कृत्रिम पाय बरा का? पायाच्या गंभीर दुखापतींवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या ‘लीप’ अभ्यासात दोन वर्षांनंतर पाय वाचवलेल्या आणि पाय कापलेल्या, अशा दोन्ही गटांची हालचाल जवळपास सारखीच आढळली, मात्र पाय वाचवलेल्यांना पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त होते. त्यामुळे हा निर्णय रुग्णाला सगळे नीट समजावूनच व्हावा, असे मला ठामपणे वाटते. पूर्वी तळवा बधिर असला की पाय कापण्याकडे कल असे. त्याच अभ्यासात पाय राखलेल्या अशा जवळजवळ सर्वांच्या तळव्यांत दोन वर्षांत काही ना काही संवेदना परतली होती.