मुक्त शैक्षणिक संसाधनांची देखभाल

मुक्त परवान्याखाली (म्हणजे वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना देऊन) प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकांतील, पाठांतील व प्रश्नसंचांतील चुका दुरुस्त करणे, कालबाह्य माहिती बदलणे, तुटलेले दुवे जोडणे आणि वापराच्या अनुभवावरून मजकूर सुधारणे ही प्रकाशनोत्तर कामे. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील पॅरिस बैठकीपासून रूढ झाली. देखभालीचा विचार मात्र त्याआधीचा दिसतो.

छापील पुस्तकांची शुद्धिपत्रे व सुधारित आवृत्त्या ही या प्रथेची पूर्वपीठिका म्हणता येईल. पण तेथे बदलाचा अधिकार लेखक-प्रकाशकांपाशीच राहतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी १९९८ मध्ये मांडलेली मुक्त आशयाची कल्पना मुक्त सॉफ्टवेअरवरून (ज्याची संहिता कोणालाही बदलता येते) सुचलेली असल्याने तो उगम अधिक ग्राह्य वाटतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेल्या, मुक्त पाठांच्या कनेक्शन्स प्रकल्पात त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. तेथे प्रत्येक पाठाच्या नोंदीत लेखक, देखभालकर्ता व हक्कधारक यांची नावे स्वतंत्रपणे दिली जात आणि जुन्या आवृत्त्या क्रमांकासह जपल्या जात. त्रयस्थाला मूळ पाठ परस्पर बदलता येत नसे; स्वतःची प्रत काढून ती बदलता येई. अशा प्रतींमुळे शाखा वाढतात आणि एका शाखेतील दुरुस्ती दुसरीत आपोआप उतरत नाही. ही अडचण आजही पुरती सुटलेली नाही.

मुक्त परवाने तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या २०१३ मधील ४.० परवान्यांनुसार बदल केल्याचा उल्लेख करणे व आधीच्या बदलांच्या नोंदी राखणे आवश्यक असते. परवान्याने काम भागतेच असे नाही. मूळ फाईल न देता केवळ पीडीएफ दिली असेल, तर समीकरणातील एक चिन्ह सुधारण्यासाठीही पान नव्याने जुळवावे लागते.

राइस विद्यापीठाच्याच ओपनस्टॅक्स (२०१२ पासून) या मुक्त पाठ्यपुस्तक प्रकल्पाच्या पुस्तकांत कोणीही चूक कळवू शकतो. तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ती दुरुस्त होते.

काय सुधारावे हे ठरवण्यासाठी २०१७ मध्ये मांडलेल्या ‘राइझ’ पद्धतीत प्रत्येक संसाधनाचा वापर आणि त्याच्याशी निगडित चाचणीतील गुण एकत्र पाहिले जातात. वापर भरपूर, पण गुण कमी, असे संसाधन आधी तपासायला घ्यावे. वापर कमी आणि गुण चांगले, असे असल्यास विद्यार्थ्यांना तो भाग आधीच येत असण्याची शक्यता असते. मजकूर, उद्दिष्ट व चाचणी यांची सांगड आधीच घातलेली असेल तरच ही पद्धत चालते. सुट्या फाईलींना ती लागू पडत नाही.